दोन गोल झाले की

त्या सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन मी परतत होते आणि माझी माळ अजून पुरी व्हायची होती. ओठांत नाम, बोटांत मणी, मार्गशीर्षातली वेरूळची थंडी. बाबांच्या बेलफुलांच्या दुकानापाशी आले तर समोर एक तरुण उभा. त्यानं खांद्यावर एक पिवळीधमक टोपली धरली होती आणि त्या टोपलीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

माळ चालू असताना मी कुणाशी बोलत नाही. पण समोरच्याचं नुकसान होतंय हे दिसत असताना गप्प कसं राहायचं?

"दादा," मी हळूच म्हणाले, "तुमच्या टोपलीला बूड नाही."

त्यानं टोपली खाली घेतली. वरून आत हात घातला, खालून बाहेर काढला आणि माझ्याकडं बघत पाची बोटं हलवली.

"व्हय की. दुकानदारानं फसवलं वाटतं."

"कुठून घेतली?"

"हॉलंडहून आलीय."

बाबा बेलाची पानं निवडता निवडता हसले. माझा चेहरा तापला. "मग फुलं कशी राहतील त्यात?"

"राहायचं नाहीच यात काही. वरनं पडायचं, खालनं निघायचं. लोक त्याला गोल म्हणतात." तो बाबांकडं वळला. "काका, इथं शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम कुठं राहतात? सत्यशीला मॅडम. हेडमास्तर म्हणले, लई हळू बोलतात, कान देऊन ऐकावं लागतं."

बाबांनी हातातलं बेलाचं पान माझ्याकडं केलं.

तो माझ्याकडं वळला. मग टोपली पुन्हा खांद्यावर चढवत म्हणाला, "मी मल्हारी. शहरात शाळेवर खेळ शिकवतो. सोमवारपासून परदेशी पाहुणे घेऊन तुमच्या पोरांकडं येतोय, तुम्ही त्यांचं बोलणं मराठीत सांगायचं असं ठरलंय. आणि मॅडम... मला दादा म्हणल्याशिवाय अजून कुणाचं काही अडलं नाय."

घरी आले. माळ कुठवर आली होती ते आठवेना. माळेत एकशे आठ मण्यांनंतर मोठा मेरुमणी येतो. तो ओलांडायचा नसतो, तिथून माळ उलटी फिरवून परत यायचं असतं. अकरा वर्षांत माझं बोट मेरुवर चुकलं नव्हतं. त्या दिवशी तो कधी आला आणि कधी गेला, मला कळलंच नाही.

*

माझे नेम पुष्कळ आहेत. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या. रोज अकरा माळा. पण सगळ्यांत अवघड नेम आईनं दिलेला. मी सोळा वर्षांची होते तेव्हा ती म्हणाली होती, "उपास कुणीबी करतं. तू एवढंच कर. कुणाशी खोटं वागलीस, तर त्या माणसाला तोंडावर सांग. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सांगेपर्यंत घास घ्यायचा नाही."

या नेमापायी माझं जेवण आजवर तीनदा अडलं. प्रत्येक वेळी संध्याकाळच्या आत सुटलं. माझं जगणंच असं साधं, खोटं बोलायला जागा कुठं असते त्यात...

सोमवारी पाहुणे आले. हॉलंडच्या एका क्लबचे बारा जण, मुली आणि मुलगे. त्यांचा खेळ कॉर्फबॉल. तो आमच्या भागातल्या शाळांना शिकवायचा म्हणून ते स्वतःच्या खर्चानं आले होते. कप्तान होती फेम्के. उंच, नाकावर उन्हानं लाल झालेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मैदानावर तिनं आणि मल्हारी सरांनी दोन खांब रोवले, त्यांच्या डोक्यावर त्या पिवळ्या टोपल्या बसवल्या आणि मधोमध फक्कीची एक पांढरी रेघ मारली.

"प्रत्येक संघात चार मुली आणि चार मुलगे," फेम्के म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं.

मुली मुलींकडं सरकल्या, मुलगे मुलग्यांकडं. आमच्याकडं मुलींची रांग वेगळी, मुलग्यांची वेगळी. डबा खायची झाडंसुद्धा वेगळी.

सातवीतल्या युसरानं हात वर केला. "मॅडम, पोरं धक्का मारतील."

मी इंग्रजी शब्द जुळवत होते, तोवर मल्हारी सरच पुढं आले. "धक्का मारला की बॉल तुमचा. आणि पोरीसमोर पोरगीच उभी राहणार, पोरासमोर पोरगा. बॉल घेऊन पळायचं नाय, आपटत न्यायचं नाय. आला की दुसऱ्याला द्यायचा. समोर कुणी हात वर करून उभं असलं, तर टोपलीत टाकायचा नाय. जागा मोकळी झाली, की मगच टाकायचा."

"आणि पळायचंच नाही तर खेळायचं काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

खरंच, बॉल घेऊन न पळणं आमच्या पोरांना जमेना. हातात आला की सुटायचीच, थेट फाटकापर्यंत. फेम्के मागून हात हलवत धावायची. मग पोरांनीच तिला शिकवलं की असं ओरडून भागत नाही, "थांब रे बाबा" म्हणावं लागतं. तिसऱ्या दिवशी मैदानभर तिचा आवाज घुमत होता, "थाम्ब रे बाबाऽ." पोरं खरोखर थांबायची. हसण्यासाठी का होईना.

आणखी एक नियम होता, तो मला पहिल्याच दिवशी कळला आणि डोक्यातून गेला नाही. संघातले चौघं रेघेच्या या अर्ध्यात, चौघं त्या अर्ध्यात. इकडच्यांनी गोल करायचे, तिकडच्यांनी अडवायचे. रेघ कुणी ओलांडायची नाही. पण दोन गोल झाले, ते कुणीही केलेले असोत, की जागा बदलायची. इकडचे तिकडं, तिकडचे इकडं. तेवढ्या वेळात दोन्हीकडची माणसं रेघेवर एकमेकांसमोरून जातात.

तेवढ्याच वेळात.

*

"हात वर करा मॅडम," मल्हारी सर म्हणाले.

"मी कशाला? मी फक्त सांगणार आहे."

"ज्याला करता येत नाय त्यानं सांगू नये. करा."

मी हात वर केला.

"हा काय फळ्यावर तारीख लिहायचा हात झाला. समोर बॉल टाकणारीला दिसला पाहिजे. तिला वाटलं पाहिजे, ही बाई काही मला टाकू देत नाय."

"असं?"

"असं... व्हय. असाच." आणि मग ते उगीचच खांबाकडं बघायला लागले.

गुरुवारी मधल्या सुट्टीत सगळ्यांना वडापाव आला. माझ्या हातावर मात्र एक केळं ठेवलं गेलं. सोमवारी राजगिऱ्याचा लाडू होता.

"तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं.

"तुमच्या बाबांना विचारून लिहून घेतलंय. शाळेचं टाइमटेबल सोपं आहे त्यापेक्षा." ते केळ्याकडं बघत म्हणाले, "मंगळवारी तरी जेवता ना? का तेवढाच एक मोकळा ठेवलाय आमच्यासाठी?"

"मंगळवारी मी भरपूर जेवते."

"बघितलं मी. तीन भाकरी."

मला हसू आलं. हसले आणि लगेच घाबरले. रात्री माळ घेतली, तर नामाच्या मध्ये ते वाक्य येई... तीन भाकरी. मी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करी. पुन्हा तेच. उठून पाणी पिई, खिडकी लावी, उघडी. आई झोपेतून विचारी, "काय गं, डास आहेत का?"

"हो," म्हणायचे. मग आठवायचं, डास नाहीत. मग तिला उठवून सांगायचं, "आई, डास नाहीत."

"मग झोप की."

*

शनिवारी सकाळी सामना ठरला होता. पाहुण्यांविरुद्ध आपला संघ, सगळ्या गावासमोर. आपल्याकडून मल्हारी सर खेळणार, बाकीचे सात जण विद्यापीठाच्या संघातले. पण शुक्रवारी त्यांच्यातल्या एका मुलीचा पाय मुरगळला.

"चौथी बाई पाहिजे," मल्हारी सर म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मी पळतसुद्धा नाही हो."

"पळायचंच कुठाय?"

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात फाटकाशी उभे असलेले युसराचे वडील, इब्राहीमभाई, म्हणाले, "मॅडम खेलते तो आगे इस्कूल के टीम में हमारी युसरा बी खेलेगी. नै तो नक्को." युसरा माझ्याकडं बघत होती. पाच दिवसांत ती आमच्या शाळेतली सगळ्यांत चांगली नेमबाज झाली होती.

मी ओढणी कमरेला बांधली.

सरांनी कागदावर संघ लावला. मला त्यांनी पहिल्या अर्ध्यात टाकलं, स्वतः दुसऱ्या अर्ध्यात राहिले. मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. एका अर्ध्यात चौघं असतात. दोन बाया, दोन पुरुष. त्यांनी स्वतःला माझ्या अर्ध्यात का नाही घेतलं... विचारायला जीभ उचलली नाही. एवढंसं काहीतरी टोचलं, आणि टोचतच राहिलं.

सकाळी नऊला खेळ सुरू झाला. भिंतीवर, झाडांवर, जीपच्या टपांवर माणसं. सुरुवातीला मी हल्ल्याच्या अर्ध्यात होते. दूर रेघेपलीकडं ते अडवत होते, त्यांची पाठ तेवढी दिसत होती. एक गोल पाहुण्यांचा झाला, एक आपला. शिट्टी झाली, जागा बदल. आम्ही रेघेकडं चालत निघालो, ते समोरून आले.

"नाकानं श्वास घ्या," जाता जाता म्हणाले.

बस, एवढंच. पण त्यानंतर मला खरंच श्वास घेता येईना.

पुढचे दोन गोल. पुन्हा रेघ.

"दुपारी आमच्या रानात हुरडा आहे. आईनं तुम्हाला नावानं बोलावलंय."

"मला? त्यांना माझं नाव..."

ते पुढं गेले होते.

मी गोल मोजू लागले. आपला झाला तरी आनंद, त्यांचा झाला तरी आनंद. गाव आपल्या गोलाला टाळ्या वाजवत होतं, मी मनातल्या मनात दोन्हींना वाजवत होते. तीन-तीन झाले. सहा. पुन्हा रेघ. या वेळी ते जरा हळू चालत आले.

"उद्या सकाळी यांच्याबरोबर मीही जातोय."

"कुठं?"

पण शिट्टी झाली होती. ते त्या अर्ध्यात, मी या अर्ध्यात. आणि मधे ती फक्कीची पांढरी रेघ.

कुठं? मुंबईपर्यंत? पोचवायला? का... फेम्केच्या हातात काल कसली कागदपत्रं होती, सरांनी कुठं सही केली होती? मी अडवणाऱ्यांत होते, समोर फेम्के होती, आणि माझ्या डोळ्यांपुढं काहीच नव्हतं. तिकडं टाळ्या झाल्या. मल्हारी सरांनी गोल मारला होता. आपले चार, त्यांचे तीन. सात झाले.

अजून एक पाहिजे. एक झाला की रेघ.

मग बॉल आमच्या अर्ध्यात आला. फिरत फिरत फेम्केच्या हातात. मी तिच्यासमोर, हातभर अंतरावर. मला फक्त हात वर करायचा होता. पाच दिवस तेवढंच तर शिकले होते. तिला वाटलं पाहिजे, ही बाई काही मला टाकू देत नाही...

मी हात वर केला नाही.

फेम्केनं क्षणभर माझ्याकडं नवलानं पाहिलं, आणि बॉल उंच टोपलीत जाऊन खालून बाहेर पडला.

चार-चार. जागा बदल. मी जवळजवळ पळतच रेघेवर पोचले.

"कुठं?"

"हॉलंडला. यांच्या क्लबात शिकायला. एक वरीस."

"कधी ठरलं?"

"काल रात्री. व्हिसा कधीचाच आलाय, पण मी हो म्हणलो नव्हतो, आठ दिवस..." शिट्टी झाली.

त्यानंतर एकच गोल झाला, पाहुण्यांचा. आपण पाच-चारनं हरलो. तरी गावानं दोन्ही संघांना खांद्यावर घेतलं, इब्राहीमभाईंनी "अब तू बी खेल" म्हणत युसराच्या पाठीवर थाप मारली, साहेबराव हेडमास्तरांनी नारळ वाटले. मी नळापाशी तोंड धूत होते. मागून युसरा आली.

"मॅडम, तुमचा हात का नाही उठला?"

तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. नुसता प्रश्न होता. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं, "मी मुद्दाम उचलला नाही. चुकलं माझं."

तिनं बराच विचार केला. "मग पुढच्या वेळी उचला," म्हणाली आणि पळाली.

एक सांगून झालं. ज्याला सांगायचं तो मात्र अजून राहिला होता.

*

मल्हारी सरांचं रान डोंगराच्या पायथ्याशी. ज्वारीच्या मधे गोवऱ्यांची आगटी, आगटीत कणसं, आणि त्यांच्या आई बानाबाई ती तळहातांवर चोळून हिरवे गरम दाणे पाहुण्यांच्या पानांवर टाकत होत्या. पलीकडं त्यांची मेंढरं बसलेली. फेम्के लसणाच्या चटणीनं रडत होती आणि अजून मागत होती.

माझ्यासमोर पान आलं. मी हात जोडले.

"आज तर शनिवार," मल्हारी सर म्हणाले. "माझ्या यादीत शनिवार नाय."

"आज नको."

बानाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हुरडा नको म्हणणारी बाई म्या पहिल्यांदाच पाहिली. पोरी, एकतर तू आजारी हायेस, नाहीतर काहीतरी चोरलंयस."

सगळे हसले. मी पान बाजूला सरकवलं.

सांगायचं होतं. चार वेळा उठले. एकदा ते आगटीत फुंकर मारत होते, एकदा हेडमास्तर त्यांना विमानाचं विचारत होते, एकदा फेम्के मधे बसली होती. चौथ्यांदा ते एकटेच होते, विहिरीच्या कडेला. मी दहा पावलांवर थांबले आणि मागं फिरले. कारण मला एकदम कळलं की मी सांगितलं, तर हा माणूस जायचा नाही. कंत्राटावर शहरातल्या शाळेत पोरं खेळवणारा माणूस. त्याला असं वर्ष पुन्हा कोण देणार होतं? मी तोंड उघडायचं, आणि त्याची वाट बंद व्हायची...

आणि नाही सांगितलं, तर नेम मोडायचा.

निघताना बानाबाई मला बांधापर्यंत पोचवायला आल्या.

"तुम्हाला वाईट नाही वाटत? वर्षभर जाणार..."

"आमची माणसं मेंढरं घेऊन सहा-सहा महिने जायची बाई. कोकणापतुर. तवा फोन नव्हता का काय नव्हतं. जाणाऱ्याला अडवायचं नसतं." त्यांनी पदरानं हात पुसले. "पण त्याला म्हाईत पाहिजे ना, मागं कोण वाट बघतंय. नाहीतर मग तो परतंल कुठं?"

मल्हारी सर संध्याकाळीच पाहुण्यांबरोबर शहरात गेले. मुंबईची बस सकाळी सातला, क्रांती चौकातून.

*

रविवारी पहाटे मी माळ घेतली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आई उठून बसली होती.

"कुणाशी?" तिनं एवढंच विचारलं.

"मल्हारी सरांशी."

"फोन..."

"तोंडावर, आई. तूच सांगितलंयस."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर धुकं होतं. पहिली जीप भरल्याशिवाय निघेना. ड्रायव्हरला अजून दोन माणसं पाहिजे होती. मी म्हणाले, दोघांचं मी देते. देवगिरीच्या किल्ल्यापाशी रस्त्यात म्हशी आल्या. पोटात कालपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी भूक नव्हती. सहा चाळीस. सहा पन्नास. शहर लागलं आणि प्रत्येक सिग्नल माझ्यासाठीच लाल व्हायला लागला.

क्रांती चौकात उतरले तेव्हा बस सुरू झालेली होती. मी पळाले. मी, जी पळत नाही. दारात पोचले आणि दांडा धरून उभी राहिले.

मल्हारी सर पायरीवर आले. त्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि खाली उतरले.

"चला, चला," ड्रायव्हर म्हणाला.

"मी काल तुमच्याशी खोटं खेळले," मी म्हणाले.

"काय?"

"फेम्के टाकत होती तेव्हा मी मुद्दाम हात वर केला नाही."

"ते म्हाईत आहे. मला वाटलं दमलात."

"दमले नव्हते. सात गोल झाले होते. आठवा झाल्याशिवाय तुम्ही रेघेवर येणार नव्हतात. मला विचारायचं होतं, कुठं जाताय."

"एवढं विचारायला गोल सोडला?"

"हो. नाही. हेही पुरतं खरं नाही..."

बसनं हॉर्न दिला.

"कालच नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, लवकर दोन व्हावेत. आपले, त्यांचे, कुणाचेही. तुम्ही समोरून यावं म्हणून." माझा आवाज इतका हळू होता की ते वाकले. "तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. पण त्यासाठी राहिलात, तर मी आयुष्यभर तुमच्याशी बोलणार नाही. सांगायचं होतं ते हे. झालं."

बस पुढं सरकली. आतून फेम्केचा आवाज आला, ड्रायव्हरला उद्देशून, खणखणीत, "थाम्ब रे बाबाऽ."

बस थांबली.

"हा एक गोल झाला," मल्हारी म्हणाले.

मला कळेना.

"एकावर जागा बदलता येत नाय. दुसरा व्हावा लागतो." त्यांनी घसा साफ केला. इतके दिवस चटचट बोलणारा माणूस, आणि आता शब्द शोधत होता. "संघ मी लावला होता. तुम्हाला मुद्दाम त्या अर्ध्यात टाकलं."

"मला वाटलं, तुम्हाला मी तुमच्याजवळ नको होते."

"जवळ असलं की माणूस शेजारी उभा राहतो. शेजारच्याकडं सारखं बघता येत नाय. पण रेघेवर... रेघेवर तुम्ही समोरून येता. तेव्हा बघितलं तर कुणी काही म्हणत नाय."

चौकातली रहदारी आमच्या दोन्ही बाजूंनी चालली होती.

"आठ दिवस मी हो म्हणलो नव्हतो. कारण इथून निघावंसंच वाटेना. शुक्रवारी हो म्हणलो, कारण वाटलं, या बाईच्या मनात देवाशिवाय कुणाला जागा नाय."

"देवानं तर तुमच्यामुळं आठ दिवस माझी एक माळ सरळ पुरी होऊ दिली नाही."

ते हसले. मग हसू गेलं. "सत्यशीला, वर्ष लई मोठं असतं."

त्यांनी पहिल्यांदाच मला नुसत्या नावानं हाक मारली होती.

"मला मोजत बसायला वेळ नाही," मी म्हणाले. "युसराचा संघ लावायचाय. चौथी बाई आता मीच."

"आणि हात?"

"वर. दिसेल असा. कुणीही समोर आलं तरी."

"कुणीही?"

"तुम्ही येईपर्यंत... कुणीही."

ते बसमध्ये चढले आणि लगेच परत उतरले. हातात ती पिवळी टोपली, आणि दुसऱ्या हातात रुमालाची गाठ.

"ही शाळेला. आणि हे आईनं काल निघताना बांधून दिलंय. म्हणली, ती पोरगी सकाळी येईल, उपाशी येईल, तिला दे. मी म्हणलं, कशाला येईल. ती म्हणली, येड्या, हुरडा नको म्हणली तवाच मला कळलं." त्यांनी गाठ सोडली. "आता खाता येतं ना?"

मी ओंजळ पुढं केली. दाणे गार झाले होते. त्यांना गोवरीच्या धुराचा वास होता. मी पहिला घास घेतला, आणि बस निघाली तेव्हा तोंड भरलेलं असल्यामुळं मला काही बोलता आलं नाही. खिडकीत त्यांनी हात वर केला. सरळ, उंच, तळवा माझ्याकडं. मला दिसेल असा.

परतीच्या जीपमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या मांडीवरच्या टोपलीत वाकून पाहिलं. "बाई, तुझ्या टोपलीला बूड नाही."

"नसतंच, आजी," मी म्हणाले.

मग माळ काढली. जीप हिसके देत होती, लोक बोलत होते, पण मणी एकामागून एक येत गेले. देवगिरी गेला, घाट आला. एकशे आठ. बोटाला मेरुमणी लागला. मी त्याच्यावर जरा थांबले.

मेरु ओलांडायचा नसतो. मी माळ फिरवली आणि परतीचे मणी ओढायला लागले.